शेडकार्ड

बिटको चौकातून आणलेलं शेडकार्ड
सासऱ्यांच्या मांडीवर ठेवलं. म्हटलं,
खोली तुमची, रंग तुम्हीच ठरवा.
रंगनाथ शेजवळ. चौतीस वर्षं प्रेसमध्ये,
नोटांच्या शाईत मनगटापर्यंत.
चष्मा पुसला, पान उलटलं.

फिक्या जांभळ्यावर बोट: "हा शंभराचा. नवीन."
नारिंगी पिवळा: "दोनशे."
मग तो दगडी करडा, संजीवनीचा जीव जडलेला,
कार्डावर ज्याचं नाव 'पहाटेचं धुकं':
"पाचशे," म्हणाले,
आणि उरलेलं कार्ड बंडल मोजावं तसं
अंगठ्याखालून फर्रकन सोडलं.
मधेच गुलाबी चमकला, तेवढ्यावर थांबून हसले.
"हा तर बंदच झाला."

"मग चालेल कुठला?"
"ज्यात पैसा नाही असा."

साडेतीनशे छटा. मी आणि संजीवनी
रात्री बारापर्यंत शोधत बसलो.

नेहरूनगरच्या क्वार्टरला चार-पाच वर्षांनी
सरकारी पिवळा डिस्टेंपर यायचा,
दाराशी बादली, बादलीत कुंचा,
कुणाला विचारायची पद्धत नव्हती.
आणि रोज सुटताना गेटवर झडती,
खिसे उलटे, जेवणाचा डबा उघडा.
"नखात शाई राहिली तरी परत जाऊन धुवायचो.
तेवढीही नको बाहेर."
चौतीस वर्षांत
घरी एकही रंग न आणलेला माणूस.

द्वारकेजवळ कपाट बघायला गेलो.
सागवानी, सनमायका, आरशाचं, बिनआरशाचं,
त्यांची अट एकच: कुलूप नको.
"काका, लॉक फ्री आहे."
"फुकट असलं तरी नको."
दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं.
मी स्टुलाची किंमत विचारली.

मेनरोडला पडद्यांच्या दुकानात तर विचारू नका.
मुलगा ठाणावर ठाण सोडतोय, मखमल, जूट,
ऊन अजिबात येणार नाही असलं जाड काहीतरी,
आणि हे प्रत्येक कापड उचलून
ट्यूबलाइटसमोर धरतायत, एक डोळा बारीक.
"काका, माल बिनडागी आहे."
"डाग नाही बघत मी."
काय बघतात ते आम्हाला घरात ठाऊक.
संजीवनीचं सातवीचं प्रगतिपुस्तक
त्यांनी असंच उजेडात धरलं होतं,
सही करण्याआधी.
मी पहिल्यांदा घरी गेलो तेव्हा
मला खिडकीच्या पुढ्यातली खुर्ची दिली.
मला वाटलं, वाऱ्यासाठी.

शेवटी पातळ सुती घेतला, ताकाच्या रंगाचा.
तोच सगळ्यात स्वस्त निघाला
याचं दुःख फक्त संजीवनीला.

भिंतीचं मात्र अडलं.
युनूसनं पुट्टी घासून खोली तयार ठेवली,
कोपऱ्यात तीन पट्टे मारून दाखवले,
आंबा, मोरपंखी, आणि एक
ज्याला तो स्वतःच नाव देऊ शकला नाही.
सासरे पट्ट्यांकडे गेलेच नाहीत.
समोरच्या कोऱ्या भिंतीशी उभे राहिले,
छपाईआधीच्या कागदाकडे बघावं तसे.
"हे असंच ठेवा."
"चाचा, हा रंग नाही. हाताला लागेल."
"लागू दे."

आणि तळवा टेकवून ते
या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले, सावकाश.
हात पाहिला. पांढराफेक. नखांतसुद्धा.
तसेच बाहेर आले.
फ्रीज उघडला, पाणी घेतलं,
पेपर चाळला, नातीच्या गालाला हात लावला.
ती ओरडली, आजोबा, पावडर!
कुणी अडवलं नाही.

पुढल्या सोमवारी युनूसनं
वर दोन हात पांढरा मारला. मारावाच लागतो,
नाहीतर ओल धरते, तो म्हणाला, आणि ते पटलं.
पण नव्या कपाटाच्या गडद दारावर,
कुलूप असतं बरोब्बर त्या जागी,
चार बोटं उमटलीयत.
फडकं घेऊन मी दोनदा गेलो.
दोन्ही वेळा
वरची धूळ तेवढी पुसून आलो.